सासऱ्यांचं वर्ष

रक्त तपासणं हा माझा जन्माचा धंदा. आधी भायखळ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मग इथे इस्राएलमध्ये अश्दोदला, कुपात खोलीमच्या दवाखान्यात. कुपात खोलीम म्हणजे इथला आरोग्यनिधी, घरातला प्रत्येक माणूस त्याचा सभासद. माणसं स्वतःच्या तब्येतीबद्दल जे बोलतात त्यावर माझा विश्वास नाही, त्यांचं रक्त काय सांगतं त्यावर आहे. माझ्या बायकोला हा स्वभाव मुळीच आवडत नसे. "माझं तोंड बघून सांगा ना मी कशी आहे ते," ती म्हणायची, "नळी कसली बघता?"

नळी म्हणजे ईएसआरची. काचेची, हातभर लांब नव्हे पण टीचभर तरी, आणि अगदी बारीक. तिच्यात रक्त भरून ती सरळ उभी ठेवायची आणि तासाभरानं बघायचं, तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या. अंगात कुठे दाह असला, सूज असली, की पेशी झरझर खाली जातात. निरोगी माणसाच्या जेमतेम पंधरा-वीस. यात कसलीही जादू नाही, अडाण्यालाही वाचता येईल. मी तर शिकलेला होतो, तेच तर दुखणं आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका हिवाळ्यात बायकोची बोटं सकाळी उघडेनाशी झाली. ती एका बालवाडीत मदतनीस होती. पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधता येईनात तेव्हा तिनं मला सांगितलं, तोवर दोन महिने लपवलं होतं. आमवात निघाला. हाताची बोटं, मनगटं, गुडघे, घोटे. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. सूज उतरली आणि साखर चढली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. नोकरी सुटली.

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरांतून आजारी माणसासाठी एकच उपाय होता, त्याला खाटेवर घालायचं आणि उठू द्यायचं नाही. माझ्या आईनं तसंच केलं होतं, तिच्या आईनंही. मीही केलं. पाण्याचा पेला मी आणायचा, भात मी टाकायचा, कपडे मी वाळत घालायचे. इमारतीतल्या मोरोक्कन बायका माझं कौतुक करायच्या, असा नवरा मिळायला पुण्य लागतं म्हणून. मलाही ते गोड लागायचं. दोन वर्षांत बायकोच्या मांड्या काटकुळ्या झाल्या, पोट सुटलं, साखरेची एक गोळी होती तिथे दोन झाल्या, आणि नळीचा आकडा नव्वदीच्या खाली काही येईना.

मग दवाखान्यात सांध्यांची नवी डॉक्टरीण आली. वयानं माझ्याहून पुष्कळ लहान. ती म्हणाली, हिला व्यायामाच्या वर्गाला घाला. मी हसलो. हसलो म्हणजे तोंडावर हसलो. सुजलेल्या गुडघ्याच्या बाईला नाचायला सांगते, म्हटलं, ही कसली शिकून आली! पण बायको म्हणाली, "मी जाईन. छताकडे बघून बघून मला त्याच्यावरचे डाग पाठ झालेत."

वर्ग दवाखान्याच्या खालच्या हॉलमध्ये, मंगळवार आणि गुरुवारी सकाळी. शिकवणारी बाई रशियाहून आलेली फिजिओथेरपिस्ट, पन्नाशीची, आवाज परेडच्या हवालदाराचा. तिचं हिब्रू आमच्यापेक्षा वाईट, त्यामुळे बायकोला ती लगेच आवडली. वर्गात अठरा बायका, कुणी मोरोक्कन, कुणी जॉर्जियाची, कुणी रशियन. हिंदुस्थानी ही एकटी. खुर्चीवरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. रबरी पट्टा ताणायचा. हॉलभर चालायचं, आधी सावकाश, मग दम लागेल इतकं. कोपऱ्यात टेपरेकॉर्डर मोठ्यानं लावलेला, कारण रशियन बाईचं म्हणणं असं की, बायका मोजायला लागल्या की थकतात आणि गाणं असलं की विसरतात. दर वेळी एकीनं घरून कॅसेट आणायची. बायकोची पाळी आली तेव्हा तिनं आमची जुनी हिंदी सिनेमाची कॅसेट नेली. बाकीच्या सतरा जणींनी त्या गाण्यांवर हात वर केले आणि एकीलाही शब्द कळत नव्हता, हे ती घरी येऊन इतकं हसत सांगायला लागली की मला लॅबमधून आल्यावर चहा स्वतः करावा लागला.

एकदा मी त्या रशियन बाईला गाठून विचारलं की हे होतं कसं. मला अक्कल शिकवणारी माणसं मुळात आवडत नाहीत, पण नळी आता साठावर आली होती आणि मला राहवेना. ती म्हणाली, "पडून राहिलेला स्नायू साखर खात नाही, हलणारा खातो. आणि हलणारा स्नायू रक्तात काहीतरी सोडतो, त्यानं दाह निवतो. पोटाची चरबी त्याच्या उलट करते, ती आग पेटती ठेवते. गोळी नुसता धूर दाबते. मी आग कमी करते." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "गुरुवारी पुरुषांचापण वर्ग आहे."

वर्षभरात नळी तीसवर आली. स्टिरॉइडची गोळी अर्धी झाली, मग पाव. साखरेची एक गोळी बंद. एका सकाळी मी सवयीनं तिच्या झग्याचं पाठीमागचं बटण लावायला गेलो तर ते लावलेलं होतं. तिनं स्वतः लावलं होतं. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. ते का वाटलं याचा विचार मी तेव्हा केला नाही.

मग सासरे गेले.

ते रामल्याला मेव्हण्याकडे राहायचे. वय झालं होतं, झोपेतच गेले. शिवा बसलो, म्हणजे सात दिवसांचा शोक. बायको त्यांची मुलगी, म्हणून तिला सातही दिवस जमिनीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसायचं होतं. मी म्हटलं खुर्ची घे, ती नको म्हणाली. उकडलेली अंडी आणि मसूर खाऊन, येणाऱ्याजाणाऱ्याला तीच तीच हकिगत सांगून सात दिवस गेले. शेवटच्या दिवशी सकाळी शिवातून उठायच्या वेळी तिला काखेत हात घालून उचलावं लागलं. दोन्ही गुडघे फुगले होते.

आईबापासाठी आमच्या धर्मात शोक वर्षभराचा. लग्नाला जायचं नाही, गाणंबजावणं ऐकायचं नाही. रामल्याहून परतताना बसमध्ये ती म्हणाली, "गुडघे जरा उतरले की मंगळवारी क्लासला जाते."

"क्लासला कसं जाणार?" मी म्हणालो. "टेप असतो तिथं."

"मी काय गाणं ऐकायला जाते? हातपाय हलवायला जाते."

"कानात बोळे घालून हलवणार? वर्ष पाळायचं म्हणजे पाळायचं. तुझ्या वडिलांचं आहे, माझ्या नाय."

आमची मुलगी पुढच्या सीटवर होती. तेव्हा नुकतीच सैन्यातून सुटलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिब्रूत. मागे वळून म्हणाली, "अबा, रब्बीला विचारा ना. एक फोन करायचा, दोन मिनिटांचं काम."

माझं डोकं फिरलं. बसमध्ये चार माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं मी म्हणालो, "मी कोणाच्या दारात जाणार नाय विचारायला!"

हे इथं जन्मलेल्यांना कळत नाही, म्हणून सांगतो. मुंबईत आम्हाला रब्बी, म्हणजे धर्मशास्त्र सांगणारा गुरू, असा नव्हताच. हाझान असायचा, तो प्रार्थना चालवायचा. बाकी काय पाळायचं ते घरातले मोठे सांगायचे, आणि अडलं तर नियम साधा. दोन वाटांपैकी जी कडक ती खरी. आम्ही इथे आलो तेव्हा इथल्या धर्मपंडितांनी प्रश्न काढला होता की ही हिंदुस्थानातली माणसं खरी यहुदी की कशी. माझ्या थोरल्या भावाला लग्नाच्या वेळी आजीच्या आजीपर्यंतची नावं विचारली होती. तो अपमान आम्ही गिळला, पण पचला नाही. त्यानंतर आमच्या घरात एक गोष्ट ठरून गेली की, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. शेजारचा मोरोक्कन शनिवारी, विस्तव पेटवायला मनाई असते त्या दिवशी, गुपचूप सिगारेट ओढेल, तो ओढू शकतो, त्याला कोणी विचारणार नाही. आम्ही नाही ओढायची. आणि विचारायला तर मुळीच जायचं नाही, कारण विचारणं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही असं कबूल करणं. रब्बी म्हणेल, बघा, यांना हेही माहीत नाही.

तर मी कडक वाट धरली.  वडील गेल्याचं दुःख ताजं होतं, त्यात वाद घालायचं त्राण नव्हतं बायकोला. "घरीच करीन," म्हणाली.

घरी कोण करतं? पहिले पंधरा दिवस केलं. खुर्चीवरून उठणं, बसणं, बाल्कनीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालणं. पण गाणं नाही, सोबत नाही, ओरडायला रशियन बाई नाही. गुडघा दुखला की ती बसायची, आणि बसली की वडील आठवायचे. मी कामावरून येऊन विचारायचो, केलंस का? ती हो म्हणायची. माझा रक्ताशिवाय कशावर विश्वास नाही असं मी वर लिहिलंय. त्या "हो"वर मात्र ठेवला, सोयीचा होता म्हणून.

तिसऱ्या महिन्यात रशियन बाईचा लॅबमध्ये फोन आला. तिला कुणाकडून तरी कारण कळलं होतं. ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी बोलून ठरवलंय. तुझी बायको असेल तेव्हा टेप बंद. मी टाळ्या वाजवून मोजीन. वर्षभर. कोणाची हरकत नाही. तिला सांग, मंगळवारी ये."

मी थँक्यू म्हणालो. तिला सांगतो म्हणालो. आणि सांगितलं नाही.

का सांगितलं नाही हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय आणि दर वेळी वेगळं, जरा बरं दिसणारं उत्तर दिलंय. खरं उत्तर बरं दिसणारं नाही. सतरा बायका आमच्यासाठी गाणं बंद करणार, मंगळवार-गुरुवार त्यांच्या घरी नवऱ्यापोरांना सांगणार की ती हिंदुस्थानी बाई आहे ना, तिच्यामुळे. उपकार आमच्यावर होणार आणि दिसणार. आणि दुसरं म्हणजे, त्या बायकांनी दोन मिनिटांत जी वाट काढली ती मला बसमध्ये सुचली नव्हती. माझं चुकलं होतं हे मला एका फिजिओथेरपिस्ट बाईकडून कळावं, हे मला सोसलं नाही. शेवटी सगळं इतकं लहान होतं.

नळी चढायला लागली. तीसची पंचेचाळीस, मग सत्तर. माझ्याच टेबलावर, माझ्याच हातानं उभी केलेली नळी. तासाभरानं मी जाऊन आकडा वाचायचो, वहीत लिहायचो आणि पुढच्या नळीकडे वळायचो. डॉक्टरीण म्हणाली, वर्ग का सोडला? मी म्हणालो, घरात शोक आहे, दुःखानं वाढलं असेल.  तिनं स्टिरॉइड वाढवलं. साखर चढली, बंद केलेली गोळी परत आली आणि काही दिवसांनी इन्सुलिनची सुई आली. पाठीमागचं बटण मी परत लावायला लागलो. ती पाठ करून निमूट उभी राहायची, आणि मी लावायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दवाखान्यात येणाऱ्या मधुमेह्यांना मी रोज सांगायचो, चाला, चाला.

आठव्या महिन्यात ती मुलीचा हात धरून भाजीबाजारात गेली होती. तिथे वर्गातली एक मोरोक्कन बाई भेटली. मी घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात बसली होती, भाजीची पिशवी तशीच टेबलावर, कोथिंबीर मलूल झालेली.

"त्यांनी टेप बंद करायचं ठरवलं होतं?" तिनं विचारलं.

मी बूट काढत होतो. काढतच राहिलो.

"मीच आले नाय असं त्यांना वाटतंय. मी मोठी लागून गेले, त्यांनी एवढं करून मी गेले नाय, असं वाटतंय त्यांना."

"मला वाटलं..."

"काय वाटलं तुम्हाला?"

 ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मना विचारायचं तरी." कोकणातल्या तिच्या आजीचा तो "मना". एरवी ती तसं बोलत नसे, फार लागलं की तोंडून निघायचं. "माझे गुडघे होते. माझा बाप होता. मना विचारायचं."

मी म्हणालो, "आता जा. येत्या मंगळवारी जा." जणू माझी परवानगी हवी होती तिला.

ती गेली. मुलगी तिला घेऊन गेली, कारण एकटीला जिना उतरवेना. रशियन बाईनं तिला बघून खुर्ची दिली, टेप बंद केला. मग म्हणाली, बूट-मोजे काढ, घोटे बघू. उजव्या पायाचा मोजा निघताना तळव्याला चिकटला होता. अंगठ्याखाली जखम होती, नाण्याएवढी, काळी पडलेली. बायकोला पत्ताच नव्हता. साखरेनं पायाची जाणीव गेली होती, आणि स्टिरॉइड चालू असलं की जखम लाल होत नाही, ठणकत नाही, गपचूप आत जाते. त्या तळव्याकडे बघायचं काम कुणाचं होतं? रोज सकाळी बटण लावणाऱ्याचं होतं.

हॉलमधूनच तिला इस्पितळात नेलं. पाय घोट्यापासून काढला, आठवड्यानं गुडघ्याच्या वरून काढला. विष तोवर रक्तात पसरलं होतं. शुद्धीत असायची तेव्हा मुलीशी बोलायची. माझ्याशीही बोलायची, राग धरून नव्हती, पण साधंच बोलायची, गॅस बंद केला का, तुम्ही जेवलात का. मी एकदा म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, "हो." तिनं मला माफ केलं की नाही हे त्या "हो"वरून कळत नाही, मी पुष्कळ वेळा अर्थ लावून बघितलाय. तिसऱ्या आठवड्यात ती गेली. तिच्या वडिलांचं वर्ष भरायला अजून तीन महिने होते.

आमच्या घरी शिवा झाली. सात दिवसांनी मी कामावर गेलो. लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणारी बाई दिवसभर रेडिओ लावते, तिनं तो माझ्यासाठी बंद ठेवला होता.  नळ्यांसमोर तशा शांततेत बसणं मला बरं वाटायचं. वाटायचं, एवढं तरी मी बायकोसाठी करतोय, वर्षभर करीन.

तिसाव्या दिवशी मी रब्बीकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या गल्लीच्या टोकाला सभास्थान आहे, तिथला रब्बी म्हातारा मोरोक्कन, चप्पल घालून बसला होता, द्राक्षं खात होता. त्यानं माझ्या आजीचं नाव विचारलं नाही. बस म्हणाला, द्राक्षं पुढे केली. मी त्याला बायकोचा आजार, तो वर्ग, टेप, तिचा मृत्यू सांगितला आणि विचारलं, त्या वर्गाला जाणं चाललं असतं का?

तो खायचा थांबला. म्हणाला, "औषध होतं ना ते? मग शिवा उठल्यावर दुसऱ्याच दिवशी जायचं. टेप चालू असता तरी जायचं. गाण्याची मनाई आनंदासाठी आहे, औषधासाठी नाही. कोणी अडवलं तिला?"

"मी," मी म्हणालो.

त्यानं द्राक्षं बाजूला सारली. मग हळूच विचारलं, अजून काही विचारायचंय का. मी म्हणालो, तिच्यासाठी मला वर्ष पाळायचंय. त्यानं नाही अशी मान हलवली. "वर्ष आईबापांसाठी. बायकोसाठी तीस दिवस. आज तुझा शोक संपतो. नसलेलं ओझं स्वतःहून उचलू नकोस, त्यानं काय होतं ते बघितलंस."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो. पहिल्या नळ्या लावून झाल्या तेव्हा त्या बाईनं संकोचून विचारलं, "तीस दिवस झाले ना? रेडिओ लावू?"

मी म्हणालो, लाव.